कूलरचं तोंड

रविवार, १७ मे

अप्पा,

सकाळी कूलरच्या जाळ्यांमधलं जुनं गवत काढून नवं भरलं. टाकी धुतली. मग दुकान उघडलं. तलवाड्याहून दोघे भाऊ आले होते. बहिणीच्या लग्नाची पत्रिका त्यांना कागदावर नको होती, फोनवर पाठवायची होती, त्यात फुलं पडताना दिसली पाहिजेत आणि सनई वाजली पाहिजे. ती करत बसले. लाइट मधूनमधून जात होती. थोरला भाऊ पाठीमागे उभा राहून बघत होता, तो म्हणाला, "ताई, तुमचं मशीन लई हळू हाय." मी म्हटलं, "उन्हाळा आहे." त्याला ते कळलं नाही. तुम्हाला कळलं असतं. आता ऊन उतरलं आहे, गिऱ्हाईक नाही, आणि बाद झालेल्या काही पत्रिकांच्या पाठीवर मी हे लिहिते आहे.

आपल्या पहिल्या कॉम्प्युटरबद्दल लिहायचं आहे. शिशाचे खिळे जुळवून पत्रिका छापायची तुमची उमर गेली, आणि उतारवयात तुम्ही ते पायानं चालवायचं ट्रेडल मशीन मागच्या खोलीत ढकलून कॉम्प्युटर आणलात. तेव्हा बीडमध्ये रोज कुठे ना कुठे काचेचं दार लावलेलं नवीन दुकान निघत होतं. मी औरंगाबादहून कोर्स करून आले होते. मशीनसमोर मी, काउंटरवर तुम्ही. त्या मशीनला एका पत्रिकेवर गणपती, तोरण आणि वधूवरांची नावं एकत्र मांडायला जो वेळ लागायचा, त्यात माणूस चौकात जाऊन चहा पिऊन येत असे. आणि आपल्याकडे पत्रिका एकदा मांडून कधी भागत नाही. समोर बसलेल्या माणसाला हमखास आठवायचं, "मामाचं नाव चुलत्याच्या वर घ्या. न्हाईतर मामा मांडवात येत न्हाईत." की पुन्हा सगळं पहिल्यापासून. गिऱ्हाईक बसलंय तोवर तुम्ही उठत नव्हता. डॉक्टरांनी तुम्हाला दुपारी घरी जाऊन आडवं व्हायला सांगितलं होतं. बीपीची गोळी तुम्ही घेत होता, आडवे मात्र होत नव्हता. "माणसं बसली हायत, कसं जाऊ?" एवढंच म्हणायचे.

मशीन वेगानं चाललं तर तुम्ही दुपारी घरी जाल, असा माझा सरळ हिशेब होता. आपला प्रोसेसर तीनशेचा. म्हणजे कंपनीनं त्यावर तेवढा वेग लिहून दिला होता. पण त्या जातीचे प्रोसेसर सांभाळून चढवले तर साडेचारशेला चालतात, हे कोर्सला शिकवणाऱ्या सरांनी करून दाखवलं होतं. सांभाळून, हा शब्द ते फार वेळा म्हणायचे. संक्रांतीनंतर दुकानात सामसूम असते. तालुक्यातली निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली, लग्नं नाहीत. तेव्हा मी तुम्हाला विचारलं.

"तीनशे लिव्हलंय ना त्याच्यावर? मग जास्ती कावून पळवायचं?"

"पळतं ते अप्पा. फक्त तापू द्यायचं नाही."

"जळलं तर?"

"तापतंय असं दिसलं तर लगेच खाली आणते."

तुम्ही काउंटरवरून उठून मशीनपाशी आलात. मग कपाळाची विभूती बोटाला घेऊन कॅबिनेटवर तीन पट्टे ओढलेत आणि म्हणालात, "कर." अख्ख्या दुकानाचं पोट त्या एका डब्यावर होतं. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेन. माझ्या हातात ते देताना तुम्ही एकच शब्द बोललात, हे मला अजून आठवतं.

आधी मी सगळ्या फाइली फ्लॉपींवर उतरवून घेतल्या. प्रोसेसरवरचा पंखा काढून मोठा बसवला. पंखा आणि प्रोसेसरच्या मध्ये लावायचा, उष्णता ओढून घेणारा पांढरा मलम तुम्ही समोरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून कागदाच्या पुडीत आणलात, विभूती आणावी तसा. व्होल्टेजला मी हात लावला नाही. मदरबोर्डवर वेग ठरवणाऱ्या बारीक टोप्या असतात, त्यांच्या जागा बदलून एकेक पायरी चढत गेले. मधल्या पायरीवर प्रोसेसर ठीक होता, पण हार्ड डिस्कला तो वेग सोसेना. एक फाइल उघडली तर नवरदेवाच्या नावाच्या जागी चौकोन आले. तुम्ही वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "नवरदेवच गायब केला की गं माय." सरांनी सांगितलं होतं की वरच्या पायरीवर बाकीचे भाग परत आपल्या मूळ वेगावर येतात, फक्त प्रोसेसर चढलेला राहतो. तसंच झालं. मग दिवसभर मी त्याला आकडेमोडीचा एक प्रोग्रॅम लावून ठेवला.

"काय करतंय ते?"

"गणितं सोडवतंय."

"कुणाची?"

"कुणाची नाही. चुकतंय का ते बघायचं."

"आमच्या मास्तरांचं बी असंच व्हतं," तुम्ही म्हणालात, आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलात की मशीन परीक्षेला बसलंय.

ते पास झालं. काही आठवडे तुम्ही दुपारी घरी गेलातही. आई ताट वाढून वाट बघायची, तुम्ही जेवून थोडे आडवे व्हायचे. रोज दुकान बंद करताना मशीनवर भरतकामाचा कपडा तुम्ही लगेच टाकत होता, त्यावर मी एकदा रागावले होते, की आतली गरमी आतच राहते. तेव्हापासून तुम्ही आधी कॅबिनेटवर तळहात ठेवून उभे राहायला लागलात. गार झालं की मगच कपडा.

पाडव्यानंतर ऊसतोडीची माणसं परतली. आपल्याकडची लग्नं त्यांच्यासाठीच थांबलेली असतात. ती परत आली की पावसाआधीच्या थोड्या दिवसांत सगळी एकदम निघतात. दरवर्षी तुम्ही झेपेल तेवढं काम घ्यायचे आणि बाकीच्यांना दुसऱ्या प्रेसचा रस्ता दाखवायचे. त्या वर्षी दाखवला नाहीत. नांदूरघाटच्या आपल्या गाववाल्यांनाही निरोप धाडलात. "आता मशीन पळतंय की," तुम्ही म्हणालात. मी वाचवलेला वेळ तुम्ही असा वाटून टाकलात. दुपारचं घरी जाणं बंद झालं.

आणि माझी चूक मला मे महिन्यात कळली. मी परीक्षा घेतली होती थंडीत. बीडच्या मे महिन्यात पत्र्याखाली ती घेतलीच नव्हती. मशीन मध्येच थिजायला लागलं. एके दिवशी मी घरून डबा घेऊन परत आले, तर शिरूर कासारचे ऊसतोडीचे एक मुकादम बाकावर बसलेले, मशीनचं बाजूचं झाकण काढलेलं, आणि दुकानातला एकुलता एक कूलर तुम्ही फिरवून त्याचं तोंड मशीनच्या उघड्या पोटावर लावलेलं. तुम्ही स्वतः बनियनवर, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन काउंटरवर. तुमचा चेहरा विटेसारखा झाला होता.

"अप्पा, ओलं वारं आहे ते. आत पाणी बसलं तर शॉर्ट होईल."

"तूच म्हणलीस, तापू द्यायचं न्हाई."

"आणि तुम्ही तापलेले चालता?"

"माझं काय हाय? हे बंद पडलं तर पावण्यांची पत्रिका कोन काढंल?"

मुकादम मध्ये पडले. "ऱ्हाऊ द्या की हो. म्या काय आज लगेच मरत न्हाई. उद्या येतो."

मी पुढे झाले. मशीन बंद केलं, टोपी काढून मूळ जागी बसवली, तीनशेवर आणलं, झाकण लावलं आणि कूलर ओढत तुमच्याकडे फिरवला. पाहुण्यासमोर. तुम्हाला ते लागलं. पत्रिका हळूहळू निघाली, मुकादम ती घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत तुम्ही माझ्याशी शब्द बोलला नाहीत. घरी जेवतानाही नाही. आईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढताना तुम्हीच बोललात.

"किती ठिवलंय?"

"तीनशे."

"तेवढंच लिव्हलंय ना त्याच्यावर?"

"हो."

"मग ऱ्हाऊ दे." शटर वर गेल्यावर पुढे म्हणालात, "त्याच्यावर लिव्हलेलं तरी हाय. माझ्यावर कुठं हाय?"

मी हसले. तुम्हीही हसलात. त्या दिवशी आलेल्या नव्या माणसांना तुम्ही पुन्हा दुसऱ्या प्रेसचा रस्ता दाखवलात आणि दुपारी छत्री घेऊन घरी निघालात. दारातून वळून म्हणालात, "कूलर तुझ्याकडं करून घे." नंतर तुम्ही काही वर्षं होता. गेलात ते थंडीत, घरी, झोपेत. त्याचा मशीनशी, उन्हाशी काही संबंध नव्हता. तरी मी ते मशीन पुन्हा कधी चढवलं नाही. नंतर आली ती मशीनं आपणहूनच चढतात आणि तापली की आपणहून उतरतात. त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मलाही दुपारी घरी जाऊन आडवं व्हायला सांगितलं. तेच सगळं, बीपीची गोळीसुद्धा. मी हो म्हणाले. आज तलवाड्याची माणसं बसली होती, म्हणून गेले नाही. काल दुसरी कुणी होती. डबा अजून पिशवीतच आहे.

आता मशीन बंद केलं आहे. हात ठेवून बघते, अजून कोमट आहे. तोवर डबा खाते, मग कपडा टाकीन.