फळीपलीकडची ताबेता

९ फेब्रुवारी
शिकायला सुवा शहरात पोचले. घर टेकडीवर आहे. आमच्या आबायांग बेटावर चढणच नाही, त्यामुळे पेटी घेऊन वर येताना तीनदा थांबले. घरमालकीण लितियाबाईंनी दारातच कसावा आणि नारळाच्या दुधातला मासा पुढे केला. बोलायचं नंतर, आधी गीळ, म्हणाल्या. विद्यापीठाची बस खालीच थांबते. खोली लहान, लाकडी फळ्यांची. आईनं विणलेली केवड्याची चटई अंथरली आणि खोली माझी झाली. जूनमध्ये परीक्षा झाली की घरी. फोनवर आईला तेच सांगितलं, तर म्हणाली, आज गेलीस आणि आजच परतायच्या गोष्टी.

१४ फेब्रुवारी
शेजारच्या खोलीत आमच्याकडचीच मुलगी आहे. दुपारी तीनला सगळं घर आडवं झालेलं असताना फळीपलीकडून तिनं आमच्या भाषेत विचारपूस केली. नाव ताबेता. पणज्यापर्यंत गेल्यावर नातंही लागलं. मग तिनं माझ्या चपला मागितल्या, रीतसर, बुबूती म्हणून. नातलगानं असं मागितलं की नाही म्हणायचं नसतं. म्हटलं तर सगळ्या घराची लाज जाते. चपला तिच्या दाराशी ठेवल्या. संध्याकाळी तिथे नव्हत्या.
वर्गातली वासिती इथलीच. माझे अनवाणी पाय पाहून हसत सुटली. म्हणाली, आम्हीही मागतो बाई एकमेकांकडे, पण तुझ्यासारखं उघडं दुकान नाही पाहिलं.

२ मार्च
टॉवेल, कंगवा, निळा झगा. ताबेताचं तोंड अजून पाहिलेलं नाही. आज तिनं माझी झोप मागितली. मला गंमत वाटली. घे, म्हटलं.

६ मार्च
चार दिवस डोळा लागलेला नाही.
लितियाबाईंना विचारलं, ताबेता खोलीबाहेर पडते कधी? त्यांचा भांडी घासणारा हात थांबला. म्हणाल्या, हे नाव तुला कुणी सांगितलं? मग शेजारच्या खोलीची किल्ली आणली. कुलूप गंजलेलं, तेल घालून उघडावं लागलं. आत मोडक्या खुर्च्या. एका खुर्चीवर माझा टॉवेल, कंगवा, झगा, घडी घालून. खाली चपला.
ताबेता सहा वर्षांपूर्वी तापानं गेली. बेटावर न्यायला जमलं नाही, इथेच पुरली. लितियाबाई म्हणाल्या, शेवटपर्यंत एकच बडबड चालली होती पोरीची. घरी जायचंय.

११ मार्च
वासितीकडे राहायला आले. आज तीन वाजता तिच्या घराच्या भिंतीतून ताबेतानं माझं हसू मागितलं. नाही म्हणायला तोंड उघडलं. हो आलं. एकोणीस वर्षांची सवय.

१९ मार्च
आईचा फोन. शेजारच्या डुकराची काहीतरी गंमत सांगत होती. मला हसता येईना. आई म्हणाली, काल तर एवढी हसलीस याच गोष्टीला.
काल मी फोन केला नव्हता.

२३ मार्च
वासितीला सगळं सांगितलं. ती थट्टा करेल असं वाटलं होतं. केली नाही. म्हणाली, मग तूही माग. ती तुमच्यातलीच ना? तिला तरी कुठे नाही म्हणता येणार आहे?
पण दिलेलं परत मागणं आमच्यात नाही. दुसरं काय मागू?

२६ मार्च
ताबेतानं माझं नाव मागितलं. दिलं गेलं.
सरांनी हजेरी घेतली तेव्हा माझं नाव कुठलं ते मला कळलं नाही. मागच्या रिकाम्या बाकावरून कुणीतरी हजर म्हणालं. वासिती वळून बघत राहिली. मग माझ्याकडे पाहून तिनं अगदी सौजन्यानं विचारलं, तुम्ही नवीन का?

२७ मार्च
लितियाबाईंकडे परत. दुसरं दार माहीत नाही. त्यांनी आत घेतलं, पण नाव विचारलं. सांगता आलं नाही.
उद्या मागणार. तिच्याकडे असेल ते सगळं. काहीच उरलं नाही तर ती राहील कशाच्या आधारावर—

२८ मार्च
तीन वाजता मागितलं. म्हटलं, ताबेता, तुझं जे काही आहे ते सगळं मला दे. बुबूती.
ती लगेच हो म्हणाली. रडत होती. आनंदानं. सहा वर्षं कुणी मागितलंच नाही म्हणाली—

तारीख—
तिचा ताप. तोंडात माती. मोडकी खुर्ची. वही तेवढी राहिली, ती तिनं मागितली नव्हती.
फळीपलीकडे माझ्या खोलीत माझा आवाज. पेटी भरते आहे. परीक्षेपर्यंत थांबत नाही, उद्याच्या विमानानं येते, आईला सांगते आहे. आईचं हसू फोनमधून इथवर येतं.
फळी वाजवली. लितियाबाई तिला म्हणाल्या, तिकडे लक्ष नको देऊस, तिकडे कुणी नाही.

आई, ती येईल. माझा झगा असेल. बसवशील, खायला घालशील. पण तिनं काही मागितलं तर— तुला नाही म्हणता येत नाही, मला माहीत आहे, पण आई, एकदाच—