कालव्याकडे दोन मैल

९ फेब्रुवारी १८३६
आजही टपालाची घोडागाडी रिकामीच गेली! नवा कालवा दोन मैल खाली, नदीकाठाने खणलाय. मे महिन्यात नावा सुरू. मग या चौकात खानावळ उघडी ठेवून जेवू कुणाला घालू — कावळ्यांना?

इलेक्टाचं टुमणं चालूच. "आई, इथे काय राहिलंय? ओहायोत मुलं ढीगभर, शिकवायला कुणी नाही." एकुलती एक लेक. तिचे वडील गेल्यावर दुसरं आहे कोण मला?

ठरलं. खानावळ आख्खी उचलून कालव्यावर न्यायची. जगच दारात आलं की पोरगी जाईल कुठे?

११ फेब्रुवारी
धाकटे दीर अ‍ॅसाहेल हसून हसून खोकले. "वहिनी, बैल ओढतील हो घर. पण रम पाजल्याशिवाय माणसं येणार नाहीत."
मी चर्चमध्ये शपथ घेतली आहे — दारू पिणार नाही, पाजणार नाही. म्हटलं, कॉफी देईन.
"कॉफीवर कोंबड्यांचं खुराडंसुद्धा हलायचं नाही!"
बघूच.

१७ फेब्रुवारी
धुराडं उतरवलं. घराखाली लांब ओंडके सरकवले. घर घसरत न्यायचं तर बर्फ टिकायला हवा.

२० फेब्रुवारी
बैलांच्या तीस जोड्या हव्या होत्या, अकरा आल्या. रम नाही म्हटल्यावर त्यातल्याही दोन परत. घर तसूभर हललं नाही. रडले. हो, रडले!
इलेक्टाने शाल गुंडाळली. "मी फिरून येते घरोघर."

२३ फेब्रुवारी
हललं! बत्तीस जोड्या! पोरीने काय सांगावं लोकांना — "ज्याची जोडी येईल, त्याच्या मुलांना वसंतापर्यंत मी फुकट शिकवीन." दीर सगळ्यांत पुढे. "कॉफी कडू आहे, वहिनी," म्हणाले, तिसरा पेला पुढे करत.

कालव्यावर पोचेपर्यंत कपाटातली एक बशी फुटली, बाकी सगळं शाबूत. इलेक्टा बैलांपुढे उलटी चालत होती, ओरडून ओरडून घसा बसला तिचा. इतकी खूश तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. जिंकले मी.

१८ एप्रिल
विहिरीला पाणी लागलं. गढूळ आहे, निवळेल. इलेक्टाच्या शाळेचा आज शेवटचा दिवस. शब्द पुरा केला पोरीने.

५ मे
पहिली नाव आमच्याच दारात लागली. पाच जण जेवायला उतरले. इलेक्टाने त्यांना वाढलं, भांडी घासली, एप्रन खुंटीला लावला, मला घट्ट मिठी मारली आणि पेटी घेऊन नावेत चढली.

जुन्या जागेवरून तिला दोन मैल चालावं लागलं असतं.