वेंडल रस्त्यापलीकडे राहायला गेला

७ जुलै १९९८, मंगळवार

गेला. दोन बॅगा, बेसबॉलच्या पिचिंगचा हातमोजा आणि माझी निळी गोधडी घेऊन – गोधडीसुद्धा!

"मिसेस एच, मनाला लावून घेऊ नका. फक्त रस्ता तर ओलांडतोय."

फक्त रस्ता! पण रस्त्याच्या पलीकडे थेल्मा पाव्हलिक राहते.

कल्पना संघाच्या मॅनेजरची, गसची. सातव्या डावापर्यंत आपला संघ पुढे असतो, मग हे राखीव पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, एकेक करून मैदानात उतरतात आणि जिंकलेली मॅच घालवून येतात. जूनपासून हेच चाललंय. मोजे बदलून झाले. दाढ्या वाढवून झाल्या, काढून झाल्या. थेल्माकडच्या क्लेटनने तर टोपीत लसूण ठेवून पाहिली. आता म्हणे घरं बदला. ज्या बायकांकडे मुलं उतरली आहेत, त्यांची अदलाबदल. माझा वेंडल थेल्माकडे, तिचा क्लेटन माझ्याकडे.

गस फोनवर म्हणाला, "स्टेला, तुझ्या घरात काही दोष आहे असं मी म्हणत नाही हं."

म्हणजे म्हणतोयच.

सहा उन्हाळे वेंडल या घरात राहिला. एकोणतीस वर्षांचा बाप्या, पण मी केक केला की पातेलं चाटायला उभा! आणि आता गस बदली माणसं शोधतोय. एक मेक्सिकोतला डावखुरा त्याने हेरून ठेवलाय. सुधारले नाहीत तर दोघं घरी जाणार. वेंडल ओक्लाहोमाला परतला, तर मेव्हण्याच्या टायरच्या दुकानात. हे तो स्वतःच मला म्हणाला होता, भांडी पुसता पुसता.

८ जुलै

क्लेटन हालुश्कीवर केचप ओततो. माझ्या आईच्या पद्धतीची कोबी नि नूडल्स, लोण्यात तासभर परतलेली, तिच्यावर केचप! वर म्हणतो, "थेल्माआंटीकडे टीव्ही मोठा आहे."

मी म्हटलं, "मग डोळे फुटले नाहीत ना तुझे?"

हसला बिचारा. स्वभावाने वाईट नाही. पण वेंडलच्या खुर्चीत बसतो.

१० जुलै, शुक्रवार

सकाळी व्हरांडा झाडत होते. समोरून वेंडल निघाला. मी हाक मारली – "वेंडल! झोप लागली का रे नव्या पलंगावर?" त्याने माझ्याकडे पाहिलं. नक्की पाहिलं! आणि एक शब्द न बोलता गाडीत बसून गेला.

असेल घाईत.

संध्याकाळी रेडिओ लावला. आठव्या डावात त्याला पाठवलं. तिघं फलंदाज आले, तिघंही बाद! समालोचक बडीचा आवाज बसला ओरडून. मीही एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात समोरच्या खिडकीतून थेल्माचं हसणं ऐकू आलं, नि माझे हात तसेच राहिले.

१२ जुलै, रविवार

चर्चमध्ये मिस्साला थेल्माला गाडीतून कोण घेऊन आलं? वेंडल! तो कॅथलिक नाही की काही नाही. मला आणायचा तेव्हा बाहेर गाडीत बसून वर्तमानपत्र वाचायचा. आज तिच्यासाठी दार उघडून उभा. मी दोन हातांवरून म्हटलं, "गुड मॉर्निंग, वेंडल." साहेब बुटांकडे बघत राहिले.

पूर्ण मिस्साभर माझं चित्त कुठे होतं ते देवालाच माहीत. सिस्टर बेनेडिक्टा आठवली. शाळेत मे महिन्यात मारियामातेच्या मूर्तीला फुलांचा मुकुट चढवायचा मान एकीलाच मिळे. त्या वर्षी कॅटेकिझममध्ये, म्हणजे धर्मशिक्षणात, मी पहिली होते. पण थेल्माचे केस कुरळे! ती मुकुट घेऊन शिडी चढली. मी मागे मुकुटाची उशी धरून. रिकामी उशी. अठ्ठेचाळीस वर्षं झाली, केस पांढरे झाले – तरी कुरळेच आहेत.

१५ जुलै

पुन्हा मॅच जिंकून दिली त्याने. सकाळी पुन्हा तोंड फिरवून गेला.

१६ जुलै

बडीने रेडिओवर त्याची मुलाखत घेतली. "वेंडल, जूनमध्ये मार खात होतास, आता कुणाला हात लावू देत नाहीस. काय बदललं?"

"काही नाही, सर. चांगली झोप. चांगलं जेवण."

चांगलं जेवण! थेल्मा डबे फोडते! तिने आयुष्यात स्वतःचं सूप केलेलं नाही. मी रेडिओ बंद केला, मग पुढचं ऐकायचं होतं म्हणून परत लावला, तर तोवर गाद्यांची जाहिरात सुरू.

आणि दोष माझाच. माझ्या घरातून पाऊल बाहेर टाकलं नि हात सुधारला. सगळं गाव हेच बोलत असणार. बेकरीत आज दोघी मला बघून गप्प झाल्या. कदाचित नसतीलही झाल्या.

१९ जुलै, रविवार

क्लेटनला काढला. काल चार धावा दिल्या. टेबलाशी बसून रडला पोरगा. मी त्याला हालुश्की वाढली आणि केचपची बाटली स्वतः पुढे ठेवली.

"तुमचा दोष नाही, मिसेस ह्रिन्को," तो म्हणाला. "माझा चेंडू वळतच नाही."

दुपारी संघाच्या ऑफिसातून फोन. मेक्सिकोचा माणूस येतोय, तुमची खोली रिकामी आहे ना? मी म्हटलं, नाही, रंगकाम काढलंय. कसलं रंगकाम! पण वेंडलच्या पलंगावर वेंडलच्या जागेचा उमेदवार मी झोपवू?

बडी सांगत होता, अजून एकाला जावं लागणार. वेंडलने एक मॅच घालवली की तोच. त्याचं जूनचं पाप कुणी विसरलेलं नाही.

२१ जुलै

लिहू की नको.

आज आठव्या डावात त्याच्यापुढे तो हार्लन संघाचा धिप्पाड फलंदाज होता. आणि मी रेडिओजवळ बसून म्हटलं – "मार."

मोठ्याने. मार, म्हणजे थेल्माचं सूप फसेल. म्हणजे वेंडल परत रस्ता ओलांडेल.

त्याने मारलाही. कुंपणापाशी झेल घेतला कुणीतरी. आणि मला वाईट वाटलं! झेल घेतला म्हणून वाईट! जपमाळ हातात घेतली, पण मारियामातेकडे बघवेना. टायरचं दुकान दिसत होतं.

२३ जुलै, गुरुवार

आज चर्चच्या तळघरात पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, भरायच्या होत्या. बाजारासाठी. नेमकी थेल्मा माझ्यासमोर. पारीच्या कडा चिमटता चिमटता म्हणाली, "स्टेला, किती जोरात दाबतेस! बटाटा बाहेर येतोय."

मग माझा तोल गेला. "सहा उन्हाळे वाढवलं मी त्याला! आणि तू दोन आठवड्यांत असं काय कानात भरलंस, की माझ्याकडे बघत नाही तो? उत्तर देत नाही?"

थेल्माने पिठाचे हात ॲप्रनला पुसले.

"अगं बये, त्याने मला शपथ घातलीय. सांगायचं नाही म्हणून."

"काय सांगायचं नाही?"

"तू त्या शुक्रवारी हाक मारलीस ना? त्याची दाढ ठणकत होती, बोलवेना त्याला. आणि त्या रात्री जिंकला! मग काय, डोक्यात बसलं. मिसेस एचशी बोललो की हात गेला. जिंकतोय तोवर तुझ्याशी एक शब्द नाही. रोज सकाळी पडद्याआडून बघत बसतो, तू झाडून आत जाईपर्यंत."

मी हातातली पिरोगी खाली ठेवली.

"आणि जेवण?" मी विचारलं.

"माझ्या जेवणाला तो जेवण म्हणेल का गं? तुझ्या सुपाची आठवण काढतो नि माझं गिळतो." मग तोंड वाकडं करून म्हणाली, "मी नुसती खोली देणारी. घाबरतो तो तुला!"

तिला माझा हेवा वाटला! थेल्मा पाव्हलिकला! माझा!

२५ जुलै, शनिवार

आता मी त्याची वेळ सांभाळते. तो निघायच्या आत झाडून घेते. समोर आलाच तर पाठ करून कुंड्यांशी खुडबूड करते. थेल्माला त्याचं बोलणं मिळतं, मला त्याचं न बोलणं. कुणाचं मोठं, तिने सांगावं!

काल पुन्हा जिंकला. बाळा, असाच मुका राहा. सप्टेंबरपर्यंत राहा.

२८ जुलै, मंगळवार

काल वीज गेली होती. रेडिओ ऐकता आला नाही, मॅचचं काय झालं कळलं नाही.

सकाळी उठायला उशीर झाला. घाईघाईने व्हरांडा झाडत होते, तेवढ्यात समोरचं दार वाजलं. मी नेहमीसारखी पाठ केली. पावलं रस्ता ओलांडून आली. पायरीशी थांबली.

"गुड मॉर्निंग, मिसेस एच."