मामा दाराबाहेर

रविवार, संध्याकाळ

पुन्हा कपाळावर धरलं, तरी ताप मोजायच्या यंत्राने शंभर पॉइंट सहाच दाखवलं. नवरीचे मामा उमरीहून देगलूरला भर उन्हात मोटारसायकलवर आले होते. "ऊन लागलंय साहेब, ताप न्हाई," म्हणाले. मंगल कार्यालयाचा मॅनेजर म्हणून कोविड सुरक्षा अधिकारी मीच. तापाचा माणूस आत सापडला, तर कार्यालयाला सील. दहा मिनिटं सावलीत बसवून पुन्हा मोजायचं, हेही नियमात आहे. पण दुपारच्या मुहूर्ताला चारच मिनिटं उरली होती. भटजी थांबेनात. मीही थांबा म्हणालो नाही. का?

नवरीमागे मामा उभा हवाच. आतल्या पन्नास माणसांत तिच्या आईच्या माहेरचा दुसरा पुरुष नव्हता. आई म्हणाली, "तुम्हीच अडवलं ना? मग आता तुम्हीच उभं राहा, भाऊ." राहिलो. गळ्यात सुरक्षा अधिकाऱ्याचा बिल्ला तसाच. अक्षता पडल्या.

बाहेर येऊन मामांचं तापमान मोजलं. अठ्ठ्याण्णव. दहा मिनिटांचाच प्रश्न होता. फार थकलोय.

सोमवार, सकाळ. मामा नवरीकडची कार्यालयात राहिलेली भांडी न्यायला आले. मी माफी मागितली. "मला एकच भाची हाय," म्हणाले आणि परात उचलून निघाले.