किल्ली माझ्याकडे आहे

अहो,

सायकल आज काढू नका, पंक्चर आहे.

खोटं लिहिलं. टायर ठणठणीत आहेत. कुलपाची किल्ली मी ड्यूटीवर घेऊन चाललेय.

काल चहा घेताना तुम्ही म्हणालात, "माधुरी, चैत्र लागला, पण यंदा कोकीळ ओरडलाच नाही गं." तेव्हा तो खिडकीसमोरच्या आंब्यावर बसून नुसता बोंबलत होता. मी "हो ना" म्हटलं. मग मुलुंडच्या हायवेवर तुमच्या मागून येणारे डंपर डोळ्यांसमोर उभे राहिले. त्यांचे हॉर्न तरी ऐकू येतात का हो?

रागवा हवं तर. चार वाजता कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय.

तोंडी सांगितलं असतं, तर तुम्ही नेहमीसारखं "बरं, बरं" म्हणाला असतात. ते का, हे मला काल कळलं.