परातीतलं कासव

मंगळवार, दिवेलागणीनंतर

सकाळी कासवाच्या पाठीवर अंगठा टेकवला तं पाठ दबली. त्यानं लगेच मान आत घेतली. मुठीएवढं पिल्लू, पण पाठ कडक पाह्यजे ना. सुनेनं त्याले पितळी कासवासारखं देवघरात बोटभर पाण्याच्या परातीत ठेवलं, वरून दूध-भात चारते. बरकत येते म्हणे. पितळेचं कासव श्वास घेते काय?

ढोरायच्या डॉक्टरले फोनवर विचारलं. तो म्हणे, "काकू, हे जमिनीवरचं हाय. कोरडी माती, ऊन अन् हिरवा पाला द्या. पाण्यात बुडून मरते ते."

टोपल्यात माती भरून अंगणात ठेवलं. घोळीचं एक पान खाल्लं त्यानं. सुनेले म्हटलं, हात लावू नको. काहून, ते सांगतलंच नाही. मी नुसती खेकसली अन् कपाशी निंदाले गेली.

आली तं टोपलं रिकामं. सून म्हणे, "आई, दिव्याच्या वक्ती लक्ष्मी बाहेर ठेवता काय? मी जागेवर ठेवली."

परात काठोकाठ भरलेली. मान लांब, पाण्याखाली. पाठीवर अंगठा टेकवला. पाठ तशीच दबली. मान बाहेरच राह्यली.