तयारी आईची

बुधवार, ३ नोव्हेंबर २००४
आईचा पेसमेकर आज मीच तपासला. बॅटरी संपत आली आहे. इतर पेशंटना सांगते तसंच तिलाही सांगितलं — तीन महिन्यांच्या आत बदलायला हवा.
"तोवर प्रभू येईल," ती म्हणाली.
मशीन बंद केलं. पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

शुक्रवार, ५ नोव्हेंबर
"प्रभू येईल" हे शब्द तिचे नाहीत, दिगंबर बंधूंचे आहेत. दर शुक्रवारी आमच्याच घरी प्रार्थनासभा घेतात. आज पोहे खाता खाता — "मुक्ताबाई, आपण तयार असलो की झालं. नवं यंत्र कशाला?"
विचारलं, "बुधवार पेठेतल्या तुमच्या नव्या दुकानाचा भाडेकरार किती वर्षांचा केलात, बंधू?"
सगळ्या बायका पोह्यांकडे बघायला लागल्या. आई माझ्याकडे. थंड नजर. माझी नजर कुठून आली ते कळलं.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर
बिल्डिंगभर दिवाळी. आम्ही दोघी बोलत नाही. आई माझं ताट झाकून ठेवते, एवढंच.

रविवार, १४ नोव्हेंबर
चर्चहून येताना आई जिन्यातच बसली. बॅटरी पुरवायला यंत्र ठोके कमी करतं, म्हणून धाप. हात पुढे केला — घेतला नाही!
मग मात्र बोलले. "दहा कुमारींची गोष्ट मलाही पाठ आहे. नवरदेवाची वाट बघताना शहाण्या होत्या त्यांनी दिव्यांसाठी जादा तेल घेतलं होतं."
"चर्चची पायरी चढत नाहीस, आणि शास्त्र मला शिकवतेस?"
"वाचायला पायरी लागत नाही."
"तेल म्हणजे बॅटरी नव्हे, नीरजा."
"मग काय?"
आई कठडा धरून वर गेली.

मंगळवार, २३ नोव्हेंबर
आईनं संमतीपत्रावर सही केली! ऑपरेशनला तयार. दिगंबर बंधूंना तिनंच फोन केला — "या शुक्रवारी येऊ नका." कुमारींनी काम केलं. मी जिंकले.

शनिवार, २७ नोव्हेंबर
नवा पेसमेकर बसला. आठ-दहा वर्षं चिंता नाही. वॉर्डात रीडिंग घेत होते, तेव्हा आई डोळे मिटूनच म्हणाली, "जिंकलीस असं समजू नकोस. माझी तयारी झालीय. तुझी नाही. तुला मागं ठेवून कशी जाऊ? तुझी होईपर्यंत थांबते."
रीडिंग पुन्हा घ्यावं लागलं.

रविवार, ५ डिसेंबर
आई पांढरी साडी नेसून दारात उभी. "येतेस चर्चला?"
"नाही," म्हणाले. "इतक्यात नाही."
जिना एका दमात उतरली.